डॅशबोर्ड काढावा लागत नव्हता

प्रिय सुमन,

'प्रिय' लिहिलं आणि पेन अडलं. चाळीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. चार दिवस माहेरी गेलीस तरी पाचव्या दिवशी मी तुला आणायला हजर असायचो. त्यामुळं पत्रात तुला काय म्हणायचं, हेच मला माहीत नाही. घरात तर मी तुला 'अगं' म्हणायचो आणि तू मला 'अवं'. तेवढ्यावर सगळं भागलं.

आज लिहितोय, कारण मला तुझ्याशी भांडायचंय. हो, भांडायचंच! तुला जाऊन नऊ महिने झाले. या नऊ महिन्यांत मी तुझ्या फोटोसमोर नुसताच डोळे पुसत बसलो असेन असं तुला वाटत असेल, तर तेही खरं आहे. पण काल हिरामणच्या गॅरेजात एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मला चैन नाही. भांडायला समोर माणूस लागतं गं. भिंतीशी किती भांडणार? म्हणून ही वही घेतली. आपला निलेश लहान असताना तू हिशेबाला आणली होतीस आणि एक पानही लिहिलं नव्हतंस, ती.

विषय आपल्या गाडीच्या पंख्याचा आहे. हसू नकोस.

तुला आठवतं ना, कंपनीतून निवृत्त झालो आणि मी मुंबईकरांचे बंगले सांभाळायचं काम धरलं? पवनेच्या बाजूला एक, कार्ल्याला एक, तुंगार्लीला दोन. उन्हाळ्यात तिकडं फारसं काम नसतं. खरं काम पावसाचे चार महिने. कुठं गळतंय, कुठं भिंतीला बुरशी आली, कुठं खिडकी वाऱ्यानं उघडी पडली, हे आठवड्यातून दोनदा जाऊन बघायचं. त्यासाठीच त्या डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली. एसी नव्हता, पण हिटर होता. तेव्हा मित्र मला म्हणालेही, "दत्ता, लोणावळ्यात हिटर कशाला? काश्मीरला जायचंय का?" त्यांना काय माहीत! आपल्याकडं हिटर ऊब घ्यायला नसतो, पुढच्या काचेसाठी असतो. बाहेर धुकं, आत माणसाचा श्वास, की काच अशी धरते की समोरचा हत्तीसुद्धा दिसू नये. हिटरच्या पंख्यानं काचेवर गरम हवा मारली की दोन मिनिटांत काच मोकळी.

पहिली दोन वर्षं तो पंखा चालला. मग आधी तो फक्त चार नंबरवर फिरायला लागला, मग घरघरायला लागला, आणि एका आषाढात बटण फिरवलं तर नुसतंच 'टक्'. तेव्हापासून सात पावसाळे माझी काच कोणी पुसली? तू.

डाव्या सीटवर पुढं सरकून बसायचीस. पदर खोचलेला, उजव्या हातात जुन्या लुगड्याचं फडकं. आधी तुझ्या बाजूची काच, मग हात लांब करून माझ्या बाजूची. वर तुझं ते औषध! मिश्रीची डबी उघडून चिमूटभर ओली करायचीस आणि काचेवर चोळायचीस. तंबाखू चोळली की काच लवकर धरत नाही, हे ड्रायव्हर लोकांना ठाऊक असतं, पण मिश्री चोळणारी तू एकटीच. निम्मी दातांना, निम्मी काचेला. सगळ्या गाडीला तो वास. निलेशची बायको पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा तिनं नाकाला ओढणी लावली होती, आणि तू तिला म्हणालीस, "अगं, वासानं मरत न्हाई माणूस, धुक्यानं मरतं."

आता तू म्हणशील, पंखा बिघडला तेव्हाच नीट का नाही केला? मीही नऊ महिने स्वतःला हेच विचारत होतो.

केला असता गं. बिघडला त्याच आठवड्यात आपण दोघं गाडी घेऊन कार्ले फाट्याला हिरामणकडं गेलो होतो. त्यानं खाली वाकून बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "भाऊ, लय मोटं काम हाय. समदा डॅशबोर्ड काढाया लागंल. इंजनाचं पाणी सोडाया लागंल. आन यवढं करून पंखा चालंल का न्हाई, सांगता येत न्हाई." मी म्हटलं, राहू दे मग. तुझ्याकडं बघितलं, तर तू बाहेर पावसाकडं बघत होतीस.

तिथून पुढं मी काय केलं, ते आठवून आता कानशिलं तापतात. त्या हिरामणचं ऐकून मी सगळ्यांना शहाणपण शिकवायला लागलो! चहाच्या टपरीवर कोणी हिटरचा विषय काढला की मी पुढं. "अहो, त्याला डॅशबोर्ड काढावा लागतो. एकदा काढलेला डॅशबोर्ड परत जागेवर नीट बसत नाही, आयुष्यभर वाजतो." हे 'आयुष्यभर वाजतो' मी माझ्या मनानं जोडलेलं. कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, हजारो पार्ट हाताखालून गेले, तरी एकदासुद्धा खाली वाकून बघावंसं वाटलं नाही. दुसऱ्या मिस्त्रीला विचारावंसंही वाटलं नाही. का? कारण काच पुसली जात होती ना!

मग तुझा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. वेणी घालताना तोंड वेडंवाकडं करायचीस. मी तेल चोळून द्यायचो आणि मनात म्हणायचो, हे आपल्यामुळं झालं. त्या काचेमुळं झालं. तोंडानं कधी म्हटलं नाही. तू डाव्या हातानं पुसायला लागलीस आणि मी ते बघूनही गाडी चालवत राहिलो.

तळेगावच्या दवाखान्यात तुला ठेवलं त्या तीन दिवसांत मला खूप काही बोलायचं होतं. बोललो काय? "पाणी पितेस का?" आणि "निलेश निघालाय." तिसऱ्या दिवशी दुपारी तू जरा बरी वाटलीस, तेव्हा धीर करून म्हटलं, "घरी आलीस की आधी हिटरचं काम करून घेतो बघ. डॅशबोर्ड काढावा लागला तरी चालेल." आणि तू मान फिरवलीस. भिंतीकडं. संध्याकाळी तू गेलीसच.

ती फिरवलेली मान नऊ महिने माझ्यासमोर आहे, सुमन. जेवताना, दाढी करताना, कुठंही. मला वाटलं, तू मनात म्हणालीस की सात वर्षं हात झिजवला, खांदा गेला, आणि आता या माणसाला हिटर सुचतोय! तुझा माझ्यावर राग राहिला आणि तो घेऊनच तू गेलीस, असंच मी धरून चाललो. निलेशला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. असलं सांगायचं कुणाला? तुलाच सांगितलं असतं.

या वर्षीचा पाऊस सुरू झाला आणि माझी पंचाईत झाली. काम तर सोडवत नव्हतं. घरात बसून काय करू? आपल्या घरात पावसाळ्यात काय असतं ते तुला सांगायला नको. भिंतींना ओल, दोरीवर चार दिवसांचे ओले कपडे, पत्र्यावरचा तो आवाज. टीव्हीचा आवाज वाढवला तरी पाऊस त्याच्या वर. पाऊण कप चहासाठी स्टोव्ह लावायचा, तोही कंटाळा येतो. सांगतो, ऐक आणि हस. एकदा दिवसभर कोणाशी बोललो नाही म्हणून संध्याकाळी दुकानात जाऊन उगाच बिस्किटांचा भाव विचारला. माझाच आवाज मला घोगरा वाटला.

तर गेल्या आठवड्यात पवनेच्या बंगल्याला निघालो. दुधिवरे खिंडीत धुकं इतकं, की बॉनेटसुद्धा दिसेना. मी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं काच पुसत होतो. एकीकडं पुसेपर्यंत दुसरीकडं पुन्हा धरायची. खिडकी उघडावी तर पाऊस आत. वळणावर काच पुरती पांढरी झाली आणि मी काय केलं माहीत आहे? डावीकडं न बघता ओरडलो, "अगं, पूस की!"

मोठ्यानं ओरडलो. नेहमीसारखा, खेकसून.

उत्तर आलं नाही, तेव्हा डावीकडं बघितलं. आणि तेवढ्यात समोरून हॉर्न. दुधाचा टेम्पो होता. तोच शहाणा, त्यानं गाडी घासून नेली नाही, थांबवली. खाली उतरून शिव्या देणार होता, पण माझं तोंड बघून नुसतं म्हणाला, "आबा, बरं हाय ना?" मी म्हटलं, बरं आहे. गाडी कडेला घेतली आणि तासभर तिथंच बसून राहिलो. रडलो. तुला सांगायला कसली लाज? फडकं होतं हातात, त्यानंच डोळे पुसले. मिश्री लागली डोळ्यांना, आणखीच पाणी आलं.

निलेशला हे सांगायला नको होतं, पण फोनवर बोलून गेलो. मग काय! "बाबा, बस झालं आता. गाडी विकून टाका. बंगल्यांची कामं सोडा. वाकडला या. इथं खोली रिकामी आहे." पोरगा वाईट बोलत नाही. पण त्या चौदाव्या मजल्यावर मी काय सांभाळू? कुठली खिडकी लावून येऊ? त्याला म्हटलं, "मला एक आठवडा दे." आणि काल गाडी घेऊन हिरामणकडं गेलो. ठरवूनच गेलो होतो, डॅशबोर्ड काढ, इंजिन काढ, हवं तर छप्पर काढ, पण पंखा चालू कर. नाही झाला तर गाडी विकायची.

हिरामणला तसं सांगितलं. त्यानं डाव्या बाजूचा कप्पा रिकामा केला. तुझ्या गोळ्यांचं पाकीट, दोन फडकी, एक कंगवा, मिश्रीची डबी. एकेक वस्तू माझ्या हातात देत गेला. मग तो कप्पाच दोन स्क्रू काढून बाजूला ठेवला, गाडीत उताणा पडला, डोकं जिथं तुझे पाय असायचे तिथं. मला वाटलं आता मोठं काम सुरू होणार, म्हणून बाकड्यावर बसलो. बूड टेकतंय न टेकतंय तोच हिरामण बाहेर आला. हातात पंखा!

पंखा म्हणजे आपल्या घरच्यासारखा पात्यांचा नव्हे. डब्याएवढं चाक आणि त्याला कडेनं बारीक बारीक पट्ट्या. त्याबरोबर ढीगभर घाण बाहेर पडली. उंदरानं आत घर केलं होतं. सीटचा स्पंज, कागदाचे कपटे, भाताचं तूस. हिरामणनं ब्रशनं सगळं झाडलं, बॅटरीला दोन वायरी लावून बघितलं, मोटर ढिम्म. मग मोटर उघडली. वीज पोचवणारे आतले कार्बनचे तुकडे झिजून गेले होते आणि दांड्याला गंज चढला होता. गंज पॉलिश पेपरनं घासला, नवे कार्बन बसवले, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. परत वायरी लावल्या, आणि घूंऽऽ! चाक असं फिरलं की पट्ट्या दिसेनात.

मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं. त्यात त्यानं एकदा तंबाखू मळली होती.

"हिरामण," मी म्हटलं, "अरे, डॅशबोर्ड नाही का काढायचा?"

"त्ये... न्हाई काढाया लागत."

"मग तेव्हा कसं म्हणालास?"

"तवाची गोष्ट येगळी व्हती, भाऊ."

"गाडी तीच, पंखा तोच. वेगळं काय होतं?"

त्यानं फडकं घेतलं आणि हात पुसायला लागला. पुसून झालेले हात परत पुसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊ, वैनी आता न्हाईत म्हून सांगतो. रागावू नगा. त्या दिशी तुमी गाडी लावून समोर चा सांगायला गेलता. वैनी हितंच थांबल्या. मी कप्प्याला हात घातला तर म्हणल्या, 'हिरामण, ऱ्हाऊ दे. त्यांला सांग, लय मोटं काम हाय.' मी म्हणलं, 'आवं वैनी, आर्ध्या तासाचं काम हाय ह्ये.' तर म्हणल्या, 'म्हून तर सांगती. पंखा चालू झाला का ह्ये एकलेच जात्याल. बंद ऱ्हायला तर मला नेत्याल.'"

मी हातातल्या डबीचं झाकण उघडलं, परत लावलं. बाहेर हायवेवर गाड्यांचा आवाज चालू होता.

"थोरल्या भयनीवानी व्हत्या," हिरामण म्हणाला. "हात जोडलं माज्याम्होरं. काय करू मी? डॅशबोर्डचं त्यांनी न्हाई सांगितलं हां. त्ये माजंच डोकं."

आता सांग, सुमन! यावर मी काय करायचं? हसायचं, का रडायचं, का त्या हिरामणच्या कानाखाली एक द्यायची? मी त्याला म्हटलं, "पंखा बसव." एवढंच म्हटलं. आणि बाकड्यावर तुझी मिश्रीची डबी हातात घेऊन बसून राहिलो.

घरी आलो आणि सात वर्षं उलटी आठवायला लागलो. मी बंगल्यावर जायचं म्हटलं की तू आधीच तयार असायचीस. पिशवी भरलेली, चहापावडरची पुडी बांधलेली, केस विंचरलेले. मला वाटायचं, बिचारी माझ्या कामासाठी धडपडते! मी चपला घालेपर्यंत तू गाडीपाशी. आणि आकाश जरा कुठं मोकळं असलं की तू म्हणायचीस, "वर खिंडीत लय धुकं आसंल हां." तुला कसं ठाऊक होतं गं? आणि कोरड्या दिवशी, स्वच्छ काचेवरसुद्धा तुझं फडकं फिरायचंच. मी कितीदा ओरडलो असेन, "पुसलेलीच परत काय पुसतेस? काच झिजेल!" तू नुसती हसायचीस. ते हसू मला सात वर्षांत समजलं नाही. तीस वर्षं स्टोअर सांभाळलं म्हणे!

मग मी चिडलो. खरंच चिडलो. फोटोसमोर उभा राहून मोठ्यानं बोललो. एकदा तरी सांगायचंस! भाजीत मीठ कमी म्हटलं तर दिवसभर भांडायचीस. निलेशच्या लग्नात माझ्या बहिणीचा मान राहिला की नाही यावरून महिनाभर अबोला धरलास. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला गप्प? खांदा जाईपर्यंत गप्प? मला यायचंय, एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला?

आणि बोलता बोलता माझी जीभ जागच्या जागी थांबली. कारण तू बोलली होतीस.

पहिल्या वर्षी. पंखा चांगला चालत होता तेव्हा. मी निघालो होतो आणि तू उंबऱ्यात उभी होतीस. "मी येऊ का? घरात निस्ता वल्या कापडांचा वास मारतोय." आणि मी किल्ली फिरवत म्हणालो होतो, "तू येऊन काय करणार? तिकडं काय जत्रा आहे का?"

हसत म्हणालो होतो. चिडून नाही, खरंच सांगतो. पण दुसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. निलेश पुण्याला गेलेला, शेजारचं बिऱ्हाड सोडून गेलेलं, आणि तू दोन पावसाळे त्या घरात एकटी, दोरीवरचे कपडे उलटेपालटे करत. मी संध्याकाळी येऊन तुला बंगल्यांच्या गळतीच्या गोष्टी सांगायचो आणि तू ऐकायचीस. तुझा दिवस कसा गेला, हे मी विचारल्याचं आठवत नाही. विचारण्यासारखं त्यात काय असणार, असंच मला वाटायचं. आता नऊ महिने मी त्याच घरात आहे, त्याच दोरीखाली. आता कळतं, दिवस केवढा मोठा असतो.

दवाखान्यातली ती फिरवलेली मानही आता मला वेगळी दिसते. तू रागावली नव्हतीस असं वाटतं. मी हिटर नीट करतो म्हणालो आणि तुला धसकाच बसला असेल, की आता घरी गेले की परत उंबऱ्यातच उभं राहायचं. खरं काय ते तुलाच ठाऊक. मला आता कोण सांगणार? पण नऊ महिने मी ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होतो, तो माझा गुन्हा नव्हताच. माझा गुन्हा दुसराच होता, आणि तो मी साफ विसरलो होतो. पंखा नीट न केल्याचा राग तुला कधीच आला नसेल. माझ्याबरोबर यायला तुला बहाणा करावा लागला, हे जास्त वाईट आहे गं. बायकोला नवऱ्याच्या शेजारी बसायला काही काम असावं लागतं का? आपल्याकडं लागलं.

आज सकाळी गाडी काढली आणि पवनेला आलो. खिंडीत धुकं होतं. बटण फिरवलं, गरम हवेचा झोत काचेवर आला, आणि काच दोन्ही बाजूंनी मोकळी होत गेली. सगळं दिसलं. वळण दिसलं, दगड दिसले, समोरून येणारी मोटारसायकल दिसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर. इतकी सरळ, इतकी सोपी गाडी मी सात वर्षांत चालवली नव्हती. आणि मला ते अजिबात आवडलं नाही. तू हिरामणला म्हणाली होतीस ना, ह्ये एकलेच जात्याल म्हणून? बघ, तसंच झालं.

आता हे मी बंगल्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय, तुझ्या त्या वेताच्या खुर्चीवर. मी इथं कधी बसलोच नव्हतो. मी छपरावर, नाहीतर आत बादली घेऊन. तू इथं बसून काय करतेस, असं मला वाटायचं. खाली सगळी भाताची खाचरं आहेत. रोपांची आवणी चालू आहे. दहाबारा बाया इरली पांघरून ओळीनं वाकल्यात, आणि एक म्हातारी बांधावर उभी राहून सगळ्यांना बोलतेय. इथवर ऐकू येतं. कोणाची सून आळशी, कोणाचा नवरा सरळ, सगळं. तुझे दोन तास इथं कसे जायचे ते आज कळलं. मुंबईवाल्यांच्या स्वयंपाकघरात आपल्या पुडीतला चहा करून, त्यांच्या साखरेला हात न लावता, तू इथं बसायचीस आणि या बायांत तुझं माहेर बघायचीस. मला एकदा तरी हाक मारायचीस की, "अवं, हितं या, बसा जरा." कदाचित मारलीही असशील. मी म्हणालो असेन, काम आहे.

माहेरावरून आठवलं. तुझी थोरली बहीण, अक्का. तुझ्या तेराव्यानंतर मी आंदर मावळात गेलोच नाही. आधी तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं, मग पाऊस लागला, मग काचेचं निमित्त मिळालं. आपण दोघं जायचो तेव्हा काय करायचो? गुडघ्याचं औषध द्यायचं, चहा घ्यायचा, अंधाराच्या आत निघायचं. अक्का ओट्यावर बसून गाडी टाकव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत बघत राहायच्या. परवा फोन केला तर म्हणाल्या, "दाजी, यवढ्या पावसात येऊ नगा. माजं काय, मी आपली हाय बसलेली." मी म्हटलं बरं, आणि फोन ठेवला. त्यांची मुलं आंबीला कंपनीत, एसटी दिवसातून दोनदा, तीही पावसात नेम नाही. चार महिने त्या ओट्यावर त्या कोणाशी बोलत असतील? हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता.

निलेशला फोन केला आत्ता. सांगितलं, गाडी विकत नाही. पंख्याचं कारण सांगितलं, तुझं नाही सांगितलं. ते आपल्या दोघांत आणि हिरामणमध्ये राहू दे.

आणि तुला हे सांगतो. या रविवारी मी अक्कांकडं जाणार आहे. औषध नेईन, पण औषधासाठी जाणार नाही. त्यांना गाडीत पुढं बसवीन आणि वडेश्वरच्या पुढं रस्ता जाईल तिथवर नेईन. त्या विचारतील, "कशापायी, दाजी? काय काम हाय?" मी सांगेन, काम काही नाही. फडकं मी आधीच गाडीतून काढून घरी ठेवलंय.

सुमन, वचन देतो. यापुढं कोणी उंबऱ्यात असं उभं राहिलेलं दिसलं, तर त्याला तोंड उघडायची पाळी येणार नाही. त्याआधी मी खाली उतरेन आणि डावं दार उघडीन.

तुझ्यासाठी मी ते एकदाही उघडलं नाही.

तुझा,
दत्ता